ग्रेडेड ब्रोमाइड कागद : कॉन्ट्रास्टचे नियंत्रण

कृष्णधवल छायाचित्राची प्रत काढण्याचा, ठरावीक कॉन्ट्रास्टचा कागद. पाकिटावरचा आकडा (साधारणतः ० ते ५) त्याचा ग्रेड सांगतो. आकडा जितका लहान तितका कागद मऊ (कमी कॉन्ट्रास्टचा), मोठा तितका कडक (जास्त कॉन्ट्रास्टचा). २ हा सर्वसाधारण. भडक निगेटिव्हला मऊ आणि सपाट निगेटिव्हला कडक कागद लागतो. हा कागद मुख्यत्वे निळ्या प्रकाशाला संवेदनशील असतो, म्हणून रंगीत फिल्टरने त्याचा ग्रेड बदलत नाही. ती सोय इल्फर्डने १९४० मध्ये आणलेल्या मल्टिग्रेड कागदाची.

दोन ग्रेडांमधला कॉन्ट्रास्ट डेव्हलपरमधून साधावा लागतो, आणि छपाईचे खरे कसब इथेच दिसते. बिअर्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेव्हलपरच्या सूत्रात दोन द्रावणे असतात: मेटॉलचे मऊ, हायड्रोक्विनोनचे कडक. त्यांचे प्रमाण बदलले की कॉन्ट्रास्ट थोडाथोडा सरकतो. जलस्नानाची रीत त्याहून सुंदर आहे. डेव्हलपरमध्ये थोडा वेळ भिजलेला कागद साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये न हलवता ठेवतात. गडद भागांतला डेव्हलपर लवकर संपतो, उजळ भागांत तो काम करत राहतो. पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्या हळूहळू उमटतात आणि सावल्या मात्र जळत नाहीत. मुख्य प्रकाशनापूर्वी कागदाला अगदी मंद प्रकाश दाखवल्यानेही उजळ भाग मऊ होतात. कंडेन्सर एन्लार्जरवर तीच निगेटिव्ह विसरित प्रकाशाच्या एन्लार्जरपेक्षा कडक छापली जाते.

प्रकाशनाचा वेळ उजळ भागांवरून ठरवावा, ग्रेड काळ्यावरून. ओली प्रत अधिक तजेलदार दिसते. निवड वाळल्यावरच करावी.