अविवाहित माता-पित्यांचा वारसा : स्मृतीपासून संहितेपर्यंत

नाशिक रोडजवळ गोदावरीच्या काठी वसलेले एकलहरे हे गाव आज औष्णिक वीज केंद्रामुळे सर्वांना परिचित आहे. १९७० मध्ये येथील पहिला संच सुरू झाला आणि शेतीच्या जोडीला पगाराची नोकरी या परिसरात आली. त्यामुळे येथील माणूस मरण पावतो तेव्हा त्याच्या मागे दोन प्रकारची संपत्ती राहते. एक सातबाऱ्यावरची जमीन किंवा गावठाणातील घर. दुसरी बँकेतील ठेव, निधी आणि विमा. मृत व्यक्ती विवाहित असेल, तर वारस कोण याविषयी सहसा शंका उपस्थित होत नाही. परंतु मृत व्यक्ती अविवाहित माता किंवा अविवाहित पिता असेल आणि तिने मृत्युपत्र केलेले नसेल, तर काय? मामा म्हणतो, जमीन आमच्या घराण्याची. चुलता म्हणतो, हे मूल आमचे नव्हेच. आणि ज्याचा हक्क आहे, त्या मुलाला तो हक्क ठाऊकच नसतो.

हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. त्याला सामाजिक इतिहास आहे आणि त्या इतिहासाशी आपल्या समाजाचा अत्यंत निकटचा संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा क्रमाने विचार करणार आहोत.

धर्मशास्त्रातील अनौरस

याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील मिताक्षरा टीका यांनी विवाहबाह्य संततीचा वारसा वर्णावरून ठरविला. त्रैवर्णिकाला दासीपासून झालेल्या पुत्रास वारसाहक्क नाही. त्याला केवळ पोटगी. शूद्राला दासीपासून झालेल्या पुत्रास मात्र पित्याच्या इच्छेने वाटा मिळे. पित्याच्या मृत्यूनंतर औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा, असा नियम होता. कन्येला यात स्थान नव्हते.

वरकरणी हा नियम शूद्रांना उदार वाटतो. परंतु त्यामागील गृहीत पाहिले पाहिजे. उच्चवर्णीयांच्या घरात विवाहाला पावित्र्य आहे, म्हणून तेथे दासीपुत्राला प्रवेश नाही. शूद्राच्या विवाहाला तेवढे मोल नाही, म्हणून तेथे औरस-अनौरस हा भेद सैल ठेवला तरी चालेल, असा त्याचा अर्थ होतो. हक्क दिला तोही हीनत्वाच्या शिक्क्यासह. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही. तरीही मुंबईच्या न्यायालयांनी ‘दासी’ या शब्दाचा अर्थ ‘कायम ठेवलेली स्त्री’ असा विस्तारून हा नियम पुढे चालविला. अशा रीतीने वारसाचा दावा घेऊन येणाऱ्याला प्रथम आपली जात कोणत्या वर्णाची, हे न्यायालयात सांगावे लागे.

महार वतन आणि मुरळीची संतती

महार वतनाच्या जमिनींना आणखी एक कायदा लागू होता. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनाची व्यवस्था लावली. त्याला १८८६ च्या पाचव्या कायद्याची जोड मिळाली. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता घराण्यातील इतर स्त्रिया, तसेच स्त्रीच्या द्वारे हक्क सांगणारे वारस, यांचा क्रम घराण्यातील सर्व पात्र पुरुषांच्या मागे लावला गेला. अविवाहित मातेच्या मुलाला आईखेरीज दुसरा आधार नसतो. येथे नेमका आईच्या द्वारे येणारा हक्कच मागे ढकलला गेला.

खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या आणि यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी बहुसंख्येने अस्पृश्य समाजातील होत्या. त्यांचा विवाह देवाशी लागला असे मानले जाई. परंतु या विवाहातून पती, पोटगी अथवा मुलांना वारसा यांपैकी काहीही मिळत नसे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून मुरळीप्रथेविरुद्ध मोहीम चालविली, ती या पार्श्वभूमीवर. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली देवाला वाहणे बेकायदा ठरविले आणि अशा स्त्रियांच्या विवाहाला वैधता दिली. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर सभागृहात वाघ्या, मुरळी, जोगतिणी आणि देवदासी यांच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना हे जीवन सोडून इतरांप्रमाणे प्रतिष्ठेचा संसार करण्याचे आवाहन केले. वतनाविरुद्धचा लढा त्यांनी याआधीच, मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडून सुरू केला होता. वतनाची बेडी आणि मुरळीची माळ या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेने दिल्या होत्या, हे त्यांनी ओळखले होते.

हिंदू संहिता आणि १९५६

स्वतंत्र भारताचे विधिमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयक पुढे नेले. वर्णपरत्वे निराळा वारसा ही कल्पनाच मोडून सर्वांना एक कायदा लावणे, हा त्याचा गाभा होता. विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्याच विधेयकाचे भाग पाडून कायदे झाले. त्यांपैकी हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १४ ऑक्टोबर रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली.

धम्मदीक्षेनंतर आपला वारसा कोणत्या कायद्याने ठरतो, असा प्रश्न आजही अनेक उपासक-उपासिका विचारतात. उत्तर स्पष्ट आहे. या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन आणि शीख यांचा नामनिर्देश आहे. दीक्षेमुळे कोणाचाही वारसाहक्क बुडत नाही. हा कायदा लागू असणे म्हणजे धर्माने हिंदू असणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे.

आज कायदा काय सांगतो

या अधिनियमाने नात्याची व्याख्या ‘औरस नाते’ अशी केली. परंतु तिला एक महत्त्वाचा अपवाद जोडला. विवाहाबाहेर जन्मलेले मूल आपल्या आईशी आणि आईच्या अशाच इतर मुलांशी नात्याने जोडलेले मानले जाते. या एका अपवादावर पुढील सर्व हक्क उभे आहेत.

अविवाहित माता मृत्युपत्राविना मरण पावली, तर कलम १५ प्रमाणे तिची मुले व मुली समान वाट्याने पहिले वारस होतात. मुले असताना तिचे आईवडील अथवा भाऊ यांना काहीही मिळत नाही. जमीन तिला तिच्या वडिलांकडून आली असली, तरी फरक पडत नाही. ती जमीन वडिलांच्या वारसांकडे परत जाते, ती केवळ मुलगा-मुलगी नसल्यास. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, आणि देशाने २००५ मध्ये, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. अविवाहित मातेच्या या हिश्श्यावरही तिच्या मुलांचाच हक्क पोचतो. अविवाहित स्त्रीने अथवा पुरुषाने विधिवत दत्तक घेतलेल्या मुलाचा हक्क तर औरसाइतकाच पूर्ण आहे.

पित्याची बाजू निराळी आहे. अविवाहित पिता मृत्युपत्राविना मरण पावला, तर केवळ रक्ताच्या नात्यावर मुलाला वारसा मिळत नाही. त्या पित्याची आई पहिल्या वर्गातील वारस ठरते. ती नसल्यास वडील, त्यांच्यामागे भाऊबहिणी. १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमानुसार अज्ञान अनौरस पुत्राला आणि अविवाहित अनौरस कन्येला मृत पित्याच्या संपत्तीतून निर्वाह मागता येतो. परंतु निर्वाह म्हणजे मालकी नव्हे. वर्णाधारित जुना नियम गेला, हे योग्यच झाले. पण त्याच्या जागी सर्व मुलांना समान न्याय देणारा नियम आला नाही. पित्याकडून मिळणारा हक्क शूद्राच्या अनौरस पुत्रापासून काढून घेतला गेला, तो दुसऱ्या कोणालाही दिला गेला नाही. समतेचे काम येथे अपुरे राहिले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन वाटा मात्र खुल्या आहेत. विवाह झाला पण तो कायद्याने रद्दबातल असेल, उदाहरणार्थ पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह झाला असेल, तर विवाह अधिनियमाच्या कलम १६ नुसार त्या विवाहाची मुले औरस मानली जातात. १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्दप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क स्पष्ट केला. पित्याच्या मृत्यूसमयी वडिलोपार्जित मिळकतीत त्याच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यातही या मुलांना वारसा आहे. दुसरी वाट अशी, की स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले असतील, तर न्यायालय विवाह झाला असे गृहीत धरते. ते खोटे ठरविण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते.

यातून एक गोष्ट उघड होते. ज्यांना मृत्यूनंतर ‘अविवाहित’ म्हटले जाते, त्यांपैकी काहींचा विवाह प्रत्यक्षात विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन झालेला असतो. फक्त त्याची नोंद नसते. नोंद नाही एवढ्यावरून विवाह नाहीसा होत नाही. परंतु साक्षीदार वृद्ध होतात, छायाचित्रे हरवतात आणि मग विधवेला आपण पत्नी होतो हे सिद्ध करत बसावे लागते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी आवश्यक केलेली आहे. ती वेळीच करावी.

कागदाचे बळ

एकलहरे येथे अशी एखादी माता वारली असे समजा. तिच्या मुलाने काय करावे? जमिनीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठी दप्तरी वारसनोंदीचा अर्ज द्यावा. बँकेतील ठेव आणि इतर येणे रकमांसाठी दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घेता येते. ठेवीवर मामाचे नाव नामनिर्देशित असले, तरी तो ठेवीचा मालक होत नाही. त्याने रक्कम स्वीकारून वारसांना द्यायची असते. आईशी नाते सिद्ध करण्यासाठी जन्मनोंद आणि शाळेचा दाखला हे मुख्य पुरावे. अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्राने बंधनकारक केले. आईचे नाव हा आता केवळ भावनेचा विषय उरलेला नाही. तो वारसाचा पुरावा आहे.

आणि पित्याने? ज्या पुरुषाला आपल्या मुलाविषयी आस्था आहे, त्याने मृत्युपत्र केलेच पाहिजे. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केलेला एक कागद मुलाला ते देऊ शकतो, जे कायदा आपणहून देत नाही.

धम्माची दृष्टी

राजगृहातील गणिका सालवतीचा पुत्र जीवक जन्मताच उकिरड्यावर टाकला गेला. राजपुत्र अभयाने त्याला वाढविले. आपल्याला माता-पित्यांचा आधार नाही हे उमगल्यावर जीवक तक्षशिलेला गेला आणि वैद्यकविद्या शिकला. पुढे तोच तथागतांचा व संघाचा वैद्य झाला. त्याच्या जन्मावरून संघात कोणी त्याचे मोल ठरविले नाही. विनयात मृत भिक्षूच्या वस्तूंचाही नियम आहे. त्या संघाच्या होतात. परंतु पात्र आणि चीवर आजारपणात शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असे तथागतांनी सांगितले. हा नियम भिक्षूंसाठी आहे, गृहस्थांच्या जमिनीसाठी नाही. तरी त्यातील न्यायबुद्धी आपल्या घरात आणण्यास कोणाची हरकत असावी? मरणाऱ्या आईला ज्या मुलाने अखेरचे पाणी पाजले, त्याला तिच्या उंबऱ्याबाहेर काढणाऱ्याने आपण कोणत्या धम्माचे आहोत, हे स्वतःला विचारावे.

प्रत्येक विहारात विवाहनोंदणी आणि मृत्युपत्र यांविषयी वर्षातून एकदा तरी मार्गदर्शन व्हावे, अशी आमची सूचना आहे. जे मूल आपल्या जन्माला जबाबदार नाही, त्याला त्या जन्माची शिक्षा होऊ नये, एवढी दक्षता समाज म्हणून आपण नक्कीच घेऊ शकतो.