उलटं चित्र काढणारा आर्किटेक्ट

बारावीनंतर इंजिनिअरिंगलाच का गेलास, असं कोणी विचारलं की माझं खरं उत्तर एकच: दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं! नात्यात सगळे मास्तर, क्लार्क नाहीतर इंजिनिअर. आर्किटेक्ट कोणी पाहिलेलाच नव्हता. पण निदान 'तुला हे जमायचं नाही' असं मला कोणी म्हणालं नव्हतं. पॉल विल्यम्सला म्हणाले होते.

विल्यम्स जन्मला १८९४ साली, लॉस एंजेलिसमध्ये. लहानपणीच आईवडील गेले. हायस्कूलमध्ये त्याने आर्किटेक्ट व्हायचंय म्हटल्यावर शिक्षकाने हिशेब मांडला: गोरे तुला काम देणार नाहीत, आणि कृष्णवर्णीयांकडे तेवढा पैसा नाही.

पठ्ठ्याने ऐकलं नाही. गोऱ्या गिऱ्हाइकांना त्याच्या शेजारी बसणं अवघड वाटू नये म्हणून तो उलटं चित्र काढायला शिकला. टेबलापलीकडच्या माणसाला ते सुलट दिसायचं! १९२३ मध्ये तो अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला. फ्रँक सिनात्राचं घर त्याने बांधलं. पण ज्या वस्त्यांत बंगले बांधले, त्यातल्या कित्येक ठिकाणी त्याला स्वतःला राहायची बंदी होती.

१९६८ मध्ये याच संस्थेच्या पोर्टलंडच्या अधिवेशनात व्हिटनी यंग यांनी जमलेल्या मंडळींना तोंडावर सुनावलं, की नागरी हक्कांच्या लढ्यात तुम्ही गप्प बसलात. १९७१ मध्ये डेट्रॉइटला १२ कृष्णवर्णीय आर्किटेक्ट्सनी आपली संघटना काढली, ती 'नोमा'. आज ती शाळकरी मुलांसाठी उन्हाळी शिबिरं भरवते. न्यूयॉर्कमध्ये पेट्रोनास टॉवर्सवाले इंजिनिअर चार्ल्स थॉर्नटन यांनी १९९४ मध्ये 'एस मेंटॉर प्रोग्रॅम' सुरू केला. त्यात कामावरचे आर्किटेक्ट आणि इंजिनिअर शाळा सुटल्यावर हायस्कूलच्या मुलांबरोबर बसतात आणि त्यांच्याकडून एका इमारतीचं डिझाइन करून घेतात.

तरीही अमेरिकेतल्या परवानाधारक आर्किटेक्ट्समध्ये कृष्णवर्णीय अजून जेमतेम २ टक्के. लोकसंख्येत मात्र सुमारे १३ टक्के. पदवी, मग कामाचा अनुभव, मग परीक्षा अशी ही वाट लांब आणि खर्चिक आहे. ती आहे हे शाळेतच कळलं नाही, तर पुढचं सगळं राहिलंच.

विल्यम्स १९८० मध्ये गेला. संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं २०१७ मध्ये! त्याची जिद्द थोरच, पण प्रत्येक पोराने उलटं चित्र काढायला शिकावं ही अपेक्षा कशी धरायची?

असो. ओळखीत नववी-दहावीचं कोणी चित्रं काढणारं असेल, तर त्याला एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात तासभर बसवून आणा. पुढचं त्याचं तो बघेल.