स्मृतीचें स्थलांतर

मनुष्याची स्मृति अपुरी पडते, हें जाणूनच राज्यकारभारांत दप्तरें निर्माण झालीं. कागद रुमालांत बांधावे, आणि ते जीर्ण झाले म्हणजे त्यांची नक्कल करून मूळाशीं ताडून पाहावी, ही जुनी रीत. संगणकाच्या भांडाराचा इतिहास तत्त्वतः याहून निराळा नाहीं.

१९५६ सालीं मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत एक प्रायोगिक गणकयंत्र सिद्ध झालें. त्याच्या अनुभवावर उभारलेलें ‘टिफ्रॅक’ १९६० सालीं कार्यास लागलें. त्याच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतींत २,०४८ शब्द मावत; म्हणजे आजच्या हिशेबानें सुमारें दहा हजार इंग्रजी अक्षरें, एका छोट्या पुस्तिकेचा मजकूर! १९६४ सालीं आलेल्या ‘सीडीसी ३६००’ यंत्राची स्मृति त्याच्या सुमारें एकोणीसपट होती.

ही झाली गणित चालूं असतांना लागणारी स्मृति. कायमचा संग्रह राखणारें भांडार वेगळें. १९५६ सालींच अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें फिरत्या तबकड्यांचें पहिलें भांडार पुढें आणलें. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाहून अधिक, आणि सामावणूक ५० लाख अक्षरांची. १९८० सालीं तेवढाच संग्रह सव्वापांच इंची पेटींत बसूं लागला. आज तळहातावर मावणाऱ्या पेटींत लाख कोटी अक्षरें राहतात.

जुनें भांडार भरलें म्हणजे मोठें बसवावें लागतें. आणि खरी कसोटी तेथेंच आहे. केवळ कागदपत्रें उतरवून भागत नाहीं. यंत्रास जागें करणाऱ्या आज्ञाहि नव्या भांडारांत आपापल्या जागीं जाव्या लागतात. नाहीं तर सर्व मजकूर असूनहि यंत्र सुरूच होत नाहीं. म्हणून आधीं संपूर्ण नक्कल, नंतर मूळाशीं पडताळा, आणि नवें भांडार निर्वेध चालतें अशी खात्री होईपर्यंत जुन्याचें जतन, हा क्रम.

ही काळजी केवळ तंत्रज्ञांची नव्हे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत संगणकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळूं लागले. बीड जिल्ह्यांतील उमापूरच्या शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्कहि आतां अशाच भांडारांत नोंदलेला असतो. नक्कल करतांना एक ओळ गळली, तर त्याच्या बांधाचा पुरावाच डळमळेल. भांडार जसजसें वाढतें, तसतशी एका चुकीनें होणारी हानीहि वाढते. म्हणून जुन्या कारकुनाची ताडून पाहण्याची शिस्त नव्या यंत्रासहि सुटलेली नाहीं.