चौलचा महागडा घोडा : जादा वेगाची जादा किंमत कोण मोजतो?

१/
मुंबई-गोवा महामार्गाने पेण मागे टाकून वडखळ, नागोठणे करीत कोलाडकडे निघालो की दर काही मिनिटांनी एखादी भारी मोटार सुसाट पुढे निघून जाते. ती पाहून अनेक तरुणांच्या मनात एक हिशेब सुरू होतो. साध्या गाडीने काम भागत असताना जादा वेगासाठी जादा पैसे मोजावेत का? हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी तो घोड्याबाबत विचारला जात होता आणि त्याच्या उत्तरावर लढायांचे निकाल अवलंबून असत. आजचा धागा त्या हिशेबाविषयी.

२/
प्रथम भूगोल ध्यानात घेऊ. या कथेत दोन नद्या आहेत. पहिली कुंडलिका. ती रोह्यावरून वाहत रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते आणि त्या खाडीच्या मुखाशी चौलचे प्राचीन बंदर आहे. दुसरी आंबा. ती खोपोली-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि पाली, नागोठणे करीत पेणजवळ धरमतरच्या खाडीला मिळते. महागडा घोडा पहिल्या नदीच्या मुखाशी गलबतातून उतरत असे. त्याची परीक्षा मात्र दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात झाली.

३/
घोडा समुद्रापलीकडून आणण्याचे कारण काय? दख्खनच्या हवेत उंच, दमदार युद्धाश्वांची पैदास नीट होत नसे. अरबस्तान, इराण व मध्य आशियातील घोडा अंगापिंडाने मोठा असल्यामुळे चिलखती स्वाराला घेऊन मोकळ्या मैदानात एकदम धडक देऊ शके. येथील तट्टू काटक व चपळ खरे, पण त्या धडकेपुढे ते उभे राहणे कठीण. बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राजे या दोघांनाही हे ठाऊक होते. शेजाऱ्याने असे घोडे घेतले की आपल्यालाही ते घेणे भाग पडे. ही खरेदी निव्वळ हौसेची नव्हती.

४/
ही निकड किती होती, हे फेर्नाव नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने सोळाव्या शतकात नोंदवले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरचा राजा होर्मुझचे व देशी मिळून वर्षाला १३,००० घोडे विकत घेई. त्याआधीच्या नरसिंहरायाविषयी तो सांगतो की हा राजा जिवंत वा मेलेले असे तीन घोडे हजार परदावांना घेई. वाटेत समुद्रावर मेलेल्या घोड्याचे शेपूट आणून दाखवले, तरी व्यापाऱ्याला पूर्ण किंमत मिळे. थोडक्यात, प्रवासातील सारा धोका ग्राहकाने स्वतःच्या शिरावर घेतला होता.

५/
खरेदीनंतर पुढे काय होई? तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात आलेल्या मार्को पोलोने एक मार्मिक नोंद केली आहे. पांड्य राजे दरवर्षी हजारो घोडे घेतात, पण निगा राखणारी जाणती माणसे नसल्याने त्यांतील बहुतेक मरून जातात. तो पुढे लिहितो की घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नाहीत. घोडे मेले की नव्यांची मागणी आलीच! वस्तू विकावी, पण तिची दुरुस्ती जाणणारा माणूस देऊ नये, हे व्यापारी शहाणपण किती जुने आहे ते यावरून दिसते.

६/
आता चौलला येऊ. १४६९ च्या सुमारास रशियातील त्वेर नगरीचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी येथे उतरला. हिंदुस्थानात घोड्याला मोठी किंमत येते, असे त्याच्या कानावर आले होते. त्याने आपली पुंजी एकाच उमद्या घोड्यात गुंतवली आणि होर्मुझकडून निघून घोडे वाहणाऱ्या गलबतातून समुद्रमार्गे चौल गाठले. घोडा जुन्नरपर्यंत सुखरूप पोहोचला, पण तोवर आपल्याला तो १०० रुबलांना पडला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

७/
चौलहून तो खुष्कीच्या वाटेने डोंगरांकडे निघाला. त्याच्या वृत्तांतात चौलनंतर ‘पाली’ हे नाव येते. ते वाचताच रोह्याशेजारचे, बल्लाळेश्वराचे पाली आठवते, आणि तसे मानणारे अभ्यासकही आहेत. पुढे तो घाट चढून जुन्नरला पोहोचला आणि पावसाळा सुरू झाला. चार महिने चिखल आणि पाणी. जो घोडा विकून नफा मिळवायचा, त्यालाच आता बसवून खाऊ घालण्याची वेळ आली.

८/
खाऊ तरी काय घालायचे? निकितिन नोंदवतो की या देशात घोडे निपजत नाहीत. येथे त्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य देतात आणि साखर व तेल-तूप घालून खिचडी शिजवून चारतात. जेथे सामान्य माणसाला तूप-साखर सणासुदीलाच दिसावी, तेथे परदेशी घोड्याचा हा रोजचा खुराक होता. किंमत एकदा मोजावी लागे, चंदी मात्र रोज.

९/
त्यातच संकट ओढवले. जुन्नरचा अधिकारी असदखान याने घोडा हिसकावून घेतला. मुसलमान झालास तर घोडा परत देईन आणि वर हजार मोहरा देईन, नाही तर घोडाही जाईल आणि दंडही भरावा लागेल, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. निकितिन परमुलखात एकटा होता. अखेर मुहम्मद नावाच्या एका खुरासानी खोजाने रदबदली केली, तेव्हा धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. मौल्यवान वस्तू जवळ असली की ती बलिष्ठांच्या नजरेत भरते. हा खर्च कोणत्याही किंमतपत्रकावर लिहिलेला नसतो.

१०/
शेवटी बीदर येथे नाताळाच्या सुमारास घोडा विकला गेला. वर्षभर आपण त्याला पोसले, हे निकितिनने आवर्जून लिहिले आहे. तेथून जवळच आळंदच्या यात्रेत २०,००० पर्यंत घोडे विक्रीला येतात, असेही तो नोंदवतो. म्हणजे ज्याला तो दुर्मीळ माल समजत होता, त्याचा तेथे भला मोठा बाजारच भरत असे. येथून मायदेशी नेण्याजोगा मालही मिळेना, तेव्हा ज्यांनी आपल्याला इकडची आशा दाखवली त्यांनी फसवले, अशी खंत त्याने व्यक्त केली. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो मरण पावला. घोड्याचा व्यवहार फारसा फळला नाही, पण त्या निमित्ताने लिहिलेला वृत्तांत अमर झाला.

११/
घोड्याचा खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो, हे मोगलांना पक्के ठाऊक होते. ‘आईन-ए-अकबरी’त लष्करी घोड्यांच्या सात प्रती सांगितल्या आहेत : अरबी, इराणी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताझी आणि जंगला. प्रत्येक प्रतीला दरमहा किती रक्कम मिळावी, हेही तेथे ठरवून दिले आहे. अरबी घोड्यास ७२० दाम आणि जंगला घोड्यास २४० दाम. म्हणजे एका अरबी घोड्याच्या खर्चात तीन साधे घोडे पोसले जात. मग एक उत्तम की तीन साधे? याचे उत्तर घोडा कोठे धावणार आहे, यावर अवलंबून होते.

१२/
आता आंबा नदीच्या खोऱ्यात जाऊ. १६६१ च्या आरंभी शाइस्ताखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात धाडले. सोबत माहूरची पराक्रमी रायबागन होती. कल्याण, भिवंडी, पनवेल, चौल, नागोठणे हा सारा प्रदेश त्यांना हवा होता. आपल्या धाग्याच्या दृष्टीने यातील चौल आणि नागोठणे ही नावे महत्त्वाची. पैकी नागोठणे आज रोहे तालुक्यात आहे. सज्ज मोगल फौज लोहगडाच्या बाजूने सह्याद्री उतरू लागली.

१३/
२ फेब्रुवारी १६६१. उंबरखिंडीत दाट झाडी, दोन्ही बाजूंना डोंगर आणि एकामागून एक जाता येईल एवढीच वाट. शिवाजी महाराजांच्या माणसांनी पुढची व मागची वाट रोखली आणि वरून मारा सुरू केला. अशा जागी घोड्याचा वेग काय कामाचा? घोड्याला दौडायला जागा नाही, वळायला जागा नाही, पाणीही नाही. मैदानात तीन तट्टांना भारी ठरणारा घोडा येथे वाट अडवणारे ओझे होऊन बसला. रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला. जवळचा ऐवज सोडून फौज जीव घेऊन परतली.

१४/
येथे एक गैरसमज टाळायला हवा. ‘मराठ्यांचे तट्टूच श्रेष्ठ’ असा सरसकट निष्कर्ष यातून निघत नाही. शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, पानिपतच्या सपाट मैदानात अब्दालीच्या स्वारांखाली तुर्की जातीचे काटक घोडे होते, हे काशिराजाने मुद्दाम नोंदवले आहे. तेथे तशा घोड्यांना पुरता वाव होता. पेणचा खारेपाट, रोह्याची भातशेते आणि सह्याद्रीच्या खिंडी ही मात्र वेगळी दुनिया. भीमा-नीरेच्या खोऱ्यांत वाढलेले भीमथडी घोडे अशा मुलखात थोड्या दाणा-वैरणीवर टिकत आणि डोंगरवाटांना सरावलेले असत. घोडा तोच, पण त्याची किंमत जमीन ठरवते.

१५/
घोडा मेला तर नुकसान कोणाचे, हा पुढचा प्रश्न. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो मेला की त्याची रोजी बुडाली. म्हणूनच असा स्वार ऐन लढाईत घोड्याला जपतो, असे पुढे अनेक युरोपीय निरीक्षकांनी लिहिले. बारगिराचा घोडा सरकारी असे. सभासद बखरीनुसार महाराजांनी सरकारी पागेला बळ दिले आणि शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवले. २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमला. मार्को पोलोने दाखवलेली उणीव येथे रीतसर भरून काढलेली दिसते.

१६/
पावसाळ्याचे काय? सभासद सांगतो की लष्कर पर्जन्यकाळी छावणीत परते, तेथे दाणा, वैरण आणि औषधे आधीच साठवलेली असत, आणि दसरा होताच पुन्हा कूच होई. निकितिनला जो पावसाळा अवचित गाठून गेला, तो येथे हिशेबात आधीच धरलेला होता.

१७/
या साऱ्याचा गाभा एका पत्रात सापडतो. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना महाराजांची ताकीद गेली. आशय असा : साठवलेला दाणा-वैरण आताच बेपर्वाईने उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, भाजीपाला ओढून आणू लागाल. रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यात बजावले आहे.

१८/
हे पत्र घोड्यांविषयी आहे, पण त्यातील खरी चिंता कुणब्याची आहे. स्वाराला घोडा परवडला नाही, तर उरलेली किंमत शेतकऱ्याच्या कणगीतून वसूल होते, हे त्यात स्वच्छ दिसते. विजयनगरच्या राजाने मेलेल्या घोड्याच्या शेपटाचे पैसे दिले, तेही आकाशातून पडले नव्हते. ते रयतेच्या साऱ्यातूनच आले होते. घोड्याची निवड हा लष्करी प्रश्न होता, तसाच तो न्यायाचाही होता.

१९/
तर मग जादा किंमत मोजावी का? इतिहास ठोकळेबाज उत्तर देत नाही, पण प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत ते सांगतो. हा वेग मी वापरणार ती वाट कोणती, मैदान की खिंड? खरेदीनंतरच्या बारा महिन्यांची चंदी आणि नालबंद यांची तजवीज आहे का? घोडा बसला तर बुडणार कोण? आणि हिशेब चुकला तर तूट कोणाच्या घरातून भरून निघणार? हौसेला मोल नाही म्हणतात. ते खरेच, पण हौस करणाऱ्यानेच ते मोल मोजावे, एवढी अट त्यात गृहीत असते.

२०/
पेण किंवा रोह्याहून एखाद्या सुट्टीच्या दिवशी या कथेची दोन्ही टोके पाहता येतात. रेवदंड्याला निकितिनचे स्मारक आहे आणि खोपोली-पाली रस्त्यापासून जवळ, चावणी गावाशी उंबरखिंडीचे विजयस्मारक आहे. भीमथडी घोडाही इतिहासजमा झालेला नाही. २०२४ मध्ये त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली असून धनगर बांधवांच्या कळपांसोबत तो आजही वाटा तुडवतो. चौलला उतरलेल्या महागड्या घोड्यांचा मात्र तेथे मागमूस उरलेला नाही.

धागा समाप्त. आपल्या गावाकडच्या घोडेवाटा, पागेच्या जागा किंवा नालबंदांच्या वस्तीची माहिती असल्यास खाली अवश्य लिहा.