देवभात : न पेरता येणारं धान्य



ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपण आजी-आईकडून ऐकत आलो. मग त्या दिवशी ताटात काय? परसातली भाजी, कंद आणि मिळेल तिथे देवभात. तो नसेल तर वरी. आज आपण या देवभाताची गोष्ट ऐकू.

देवभात म्हणजे रानातला भात. तळ्याच्या काठी, पाणी साचणाऱ्या खळग्यात पावसाळ्यात आपोआप उगवतो आणि पाणी आटलं की वाळून जातो. दाण्याला लांब कुसळ असतं. पिकला की दाणा लगेच गळतो, म्हणून टोपली धरून झटकून घ्यावा लागतो. संस्कृतात याला नीवार म्हणतात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त आश्रमातल्या झाडांखाली राघूंच्या ढोलीतून पडलेले नीवाराचे दाणे दिसतात. यातल्या एका वर्षाच्या जातीला १९६५ साली शर्मा आणि शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी 'ओरायझा निवारा' हे शास्त्रीय नाव दिलं.

हे गवत पुढे फार मोठ्या कामाला आलं. १९७० च्या दशकात आशियात तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या विषाणूरोगाने भाताची रोपं खुजी राहू लागली, लोंब्या भरेनात. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त वाण तपासले. रोगाला दाद न देणारा निघाला तो एकच : उत्तर प्रदेशातून नेलेला हा रानभात! त्याच्याशी संकर करून डॉ. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी 'आयआर ३६' हा वाण तयार केला. तो १९७६ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढच्या काही वर्षांत आशियात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर तो लावला गेला.

विचार करा, त्याआधीच कुणी ते तळं बुजवलं असतं तर?

देवभात आपल्या खाचरात आला तर बेणून काढायलाच हवा. तो लावलेल्या भाताशी मिसळतो आणि दाणे गळून नुकसान होतं. पण तळ्याचा काठ साफ करताना, गाळ काढताना त्याचा एक कोपरा राहू द्यावा.

येत्या बैठकीत आपण एक करू. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजीला विचारू, "देवभात कुठे उगवायचा?" ती जागा वहीत लिहून ठेवू आणि सगळ्याजणी मिळून एकदा बघून येऊ.