चेंडू, ठोकळा आणि लाटणे

वाचकहो, लाटण्याच्या आकाराला काय म्हणतात, हे आपल्या नातवंडांना विचारून पाहा. इंदूरचे मूल शाळेतल्या हिंदीप्रमाणे 'बेलन' म्हणेल, बडोद्याचे 'नळाकार' म्हणेल, तेलुगू पुस्तक शिकणारे हैदराबादचे मूल 'स्तूप' म्हणेल. इंग्रजी शाळेतले मूल 'सिलिंडर' म्हणेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे गॅसची टाकी उभी राहील. मराठी पाठ्यपुस्तकातली 'वृत्तचिती' यांपैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेली नसते. हा दोष मुलांचा नाही. आकारांची नावे पुस्तकातून येण्याआधी हातातून यावी लागतात, आणि ते काम शाळेपेक्षा घराचे अधिक आहे.

ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा पद्धतशीर मांडली तो फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) खनिजांचाही अभ्यासक. बर्लिनमध्ये वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने स्फटिक हाताळले होते. निसर्ग जर कोन आणि पैलू धरून वाढतो, तर मुलाचे मनही तसेच वाढत असेल, अशी त्याची धारणा झाली. १८३७ मध्ये थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्ग गावी त्याने खेळण्यांचे संच तयार करायला घेतले. त्यांना तो 'देणग्या' म्हणे. 'किंडरगार्टन' हे नाव नंतरचे, १८४० चे.

पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी: गोल, घन आणि त्यांच्यामधली वृत्तचिती. गोल घरंगळतो, घन बसून राहतो, वृत्तचिती आडवी घरंगळते आणि उभी बसते. दोन विरोधी आकारांचा समेट तिसऱ्यात, असे त्याचे तत्त्वज्ञान. ते बाजूला ठेवले तरी खेळ मोठा सुंदर आहे. घनाच्या एका पृष्ठाच्या मध्याला दोरा बांधून, पीळ देऊन सोडा. गरगरताना त्यात वृत्तचिती दिसते. कोपऱ्याला बांधून फिरवा, वरखाली दोन शंकू दिसतात. दोरा थांबला की पुन्हा घन. तीन वर्षांचे मूल हे पाहून जे विचारते, त्याच्या उत्तरात नाव आपोआप येते. तिसऱ्या देणगीत घनाचे आठ लहान घन होतात, चौथीत आठ विटा. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली आणि पुढल्याच वर्षी फ्रोबेल गेला. श्वाइना गावी त्याच्या थडग्यावर घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक रचलेले आहेत.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतले घनाकार निळ्या रंगाचे. मूल डोळे मिटून आकार चाचपते आणि नाव सांगते. नाव देण्याच्या तीन पायऱ्या त्यांनी एदुआर्द सेगँकडून घेतल्या. प्रथम 'हा शंकू', मग 'शंकू दाखव', शेवटी 'हे काय?'. मधली पायरी आपण घाईत गाळतो आणि एकदम 'हे काय?' विचारून मुलाला गप्प करतो. खरे तर मुलाची सगळी मजा त्या मधल्या पायरीतच असते.

ही पद्धत आपल्याकडे आली ती भावनगरमार्गे. तिथे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. राजकोटला काम करणाऱ्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. गुजरातीत काम करून मराठीत परतलेली ही बाई. आपल्यासारख्या सीमेपलीकडच्या मराठी घरांना त्यांचे विशेष अगत्य असावे. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू त्यांनी घेतल्या.

तोच मार्ग आपल्याला मोकळा आहे. कापडी पिशवीत वरवंटा, गोटी, फासा, भोवरा, काड्यापेटी घाला आणि 'इष्टिकाचिती शोध' म्हणा. शब्द अवघड वाटला, तर फोडून सांगा. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेला थर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) विटांच्या थरांच्या हिशेबाचे प्रकरणच 'चितिव्यवहार' नावाचे आहे. तिथलाच 'राशिव्यवहार' खळ्यावरच्या धान्याच्या शंकूचे माप काढतो. राशीच्या घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे. घरी ताटात तांदळाची रास घालून, दोऱ्याने घेर मोजून हे करता येते. लहानग्याला हिशेब नको असेल, तर त्याने राशीला नुसते 'शंकू' म्हणावे आणि बोटाने टोक मोडावे. थोरला भाऊ तेवढ्यात गुणाकार करतो.