पंधराशे व्होल्टचा प्रवास

आधी खिडकी लावून घ्या. साल 1924 आहे, कर्जत मागे पडलंय आणि पहिला बोगदा आलाच. डब्यातले सगळे एकदम उठलेत, खिडक्यांची खटाखट चाललीय. ज्याला उशीर झाला त्याच्या धोतरावर कोळशाची कणी बसलीच म्हणून समजा. बोरघाटाचा चढ 37 फुटांमागे एक फूट. पुढचं इंजिन ओढतंय, मागून जोडलेलं इंजिन, म्हणजे बँकर, ढकलतंय, तरी गाडीचा वेग बैलगाडीला लाजवणारा नाही. खंडाळ्याच्या अलीकडे गाडी थांबते आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने निघते. तुम्ही दचकता, परत कर्जतला चाललो की काय? समोरचा मुरलेला पुणेकर वर्तमानपत्रातून मान वर काढत नाही. हे घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन. चढ एका दमात झेपत नाही म्हणून गाडी इथे तोंड फिरवून पुढे चढते. 1863 पासून हे असंच चाललंय.

घाटाची अडचण चढाची, तर मुंबईची गर्दीची. लोकल दर मैल-दीड मैलावर थांबणार आणि वाफेच्या इंजिनाला तर वेग घ्यायलाच वेळ लागतो. या दोन्ही दुखण्यांवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वेने एकच औषध आणलंय. ते बघायला 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसवर या.

चार डब्यांची गाडी उभी आहे. पुढे इंजिन शोधू नका, मोटरी डब्यांखालीच आहेत. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी निशाण दाखवलं आणि गाडी निघालीसुद्धा. झुकझुक नाही, धूर नाही, नुसती चढत जाणारी गुणगुण. सँडहर्स्ट रोडपासून डॉकयार्डकडे जाताना तुम्ही छपरांच्या उंचीवरून, लोखंडी खांबांवरच्या रुळांवरून चालला आहात. हार्बरने कुर्ला गाठेपर्यंत तुमचा सदरा पांढराच राहिलाय. डोक्यावरच्या तारेत वीज आहे 1500 व्होल्ट, डीसी. डीसी मोटर सावकाश सुरू करणं, हवा तसा वेग देणं सोपं, म्हणून ही निवड. आज ती बिनतोड वाटते.

आता 1 जून 1930. डेक्कन क्वीनचा पहिला दिवस. घाटातलं उलटं फिरणं बंद झालंय, नवा मार्ग आणि नवी तार दोन्ही तयार आहेत. या गाडीला सात-सात डब्यांचे दोन संच आहेत. एक चंदेरी, त्यावर लाल पट्टे. दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. खिशात तिसऱ्या वर्गापुरतेच पैसे असतील तर मात्र फलाटावरूनच बघा, तिसरा वर्ग या गाडीला 1955 मध्ये लागणार आहे. बाजूच्या रुळावर मालगाडीचं विजेचं इंजिन उभं आहे. चाकांना वाफेच्या इंजिनासारखेच दांडे, आणि उभं असताना पोटातून विचित्र कण्हणं. रेल्वेतले लोक त्याला ‘खेकडा’ म्हणतात. त्याला लागणाऱ्या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं पॉवर हाऊस उभं केलंय आणि तिथे कोळसाच जळतो.

पुढची सत्तावीस वर्षं भरभर जाऊ द्या, कारण फारसं काही घडत नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशभरात मिळून 388 किलोमीटर मार्गावर तार होती. 1957 मध्ये मात्र रेल्वेने फ्रेंच रेल्वेचा सल्ला घेऊन ठरवलं, की यापुढे 25 हजार व्होल्ट, एसी. कागद-पेन्सिल घ्या. इंजिनाला 3 हजार किलोवॉट लागत असतील तर 1500 व्होल्टच्या तारेतून 2 हजार अँपिअर वाहतात. 25 हजारांच्या तारेतून फक्त 120. म्हणजे तार बारीक, गळती कमी आणि सबस्टेशन चार-सहा किलोमीटरऐवजी चाळीस-पन्नास किलोमीटरवर. एवढ्या मोठ्या देशाला दुसरं काही परवडण्यासारखं नव्हतंच.

पण मुंबईचं काय? तिची अख्खी लोकल डीसीवर. ती कोण थांबवणार?

याचं उत्तर बघायला 1985 च्या सुमारास इगतपुरीला उतरा. हावडा मेल थळघाट चढून आलीय, मागचे बँकर सुटले. पॉइंट्समन वाकून इंजिन आणि डब्याच्या मधे शिरतो, व्हॅक्यूमचा पाइप काढतो, कपलिंग सोडतो. मुंबईहून आलेलं डीसी इंजिन बाजूला गेलं. दुसरं मागे येत अलगद टेकतं, डब्यांना एक धक्का बसतो आणि तुमच्या हातातला चहा बशीत सांडतो. वरची तार दिसायला तीच. पण इथून पुढे तिच्यातली वीज वेगळी. देशात पहिली आलेली मुंबई आता देशाशी जुळत नाही, आणि त्याचा हिशेब इथे रोज वडा-चहाच्या वेळात चुकता होतो.

ही गाठ सुटायला 2016 उजाडलं. तार बदलायची, पण लोकल बंद ठेवायची नाही. म्हणून दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, एकेक टप्पा ब्लॉक घेऊन फिरवला. जास्त व्होल्टच्या तारेला पुलाखाली जास्त अंतर हवं, तेव्हा काही ठिकाणी रूळच खाली घेतले. 9 एप्रिलच्या रात्री तुम्ही कुर्ल्याहून सीएसटीला निघालात तर ती मुंबईतली शेवटची डीसी लोकल आहे. डब्यातले निम्मे लोक पेंगतायत.

शेवटचा थांबा रत्नागिरीजवळ, साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली ती डिझेलवर, त्यामुळे बोगद्यात नाकाला रुमाल लावावा लागायचा. 20 जून 2022 रोजी रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा विद्युतमार्ग राष्ट्राला अर्पण झाला, आणि तोही थेट 25 हजार व्होल्टवर. कोकणाने तार एकदाच बांधली, मुंबईला दोनदा बांधावी लागली. म्हणून मुंबई चुकली असं कुणी म्हणेल, तर त्याला 1924 च्या गाडीत बसवा आणि खिडकी उघडी ठेवा. एक्क्याण्णव वर्षं चाललेली गोष्ट बदलावी लागली, तर तिची किंमत केव्हाच वसूल झालेली असते.